उपसा योजनेची जलवाहिनी फुटण्यापूर्वी

वैशाखात ऊस पाण्यासाठी माना टाकू लागला असता उपसा योजनेची मुख्य जलवाहिनी फुटावी, ही गोष्ट कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या गावांना अपरिचित नाही. नळ उकरून बदलण्यात कित्येक दिवस जातात. तेवढ्यात सर्वांचीच पाळी चुकते आणि टोकाकडील शेतकऱ्यांपर्यंत पाणी पोहोचावयास आणखी उशीर होतो. ‘नळ एकाएकी फुटला’ असे मग सांगितले जाते. परंतु नळ एकाएकी क्वचितच फुटतो.

जमिनीखाली केवढा भार हालत असतो, ह्याची कल्पना सभासदांना असावयास हवी. ६०० मिलिमीटर व्यासाच्या नळाच्या एका किलोमीटरमध्ये सुमारे २८३ टन पाणी मावते. वीज गेली की पंप थांबतो, चढावर निघालेले पाणी मागे फिरते आणि रिफ्लक्स व्हॉल्व्ह आपटून बंद होतो. सेकंदाला एक मीटर वेगाचे पाणी असे एकदम अडले, तर पोलादी नळात सुमारे १०० मीटर उंचीच्या पाण्याइतका जादा दाब उत्पन्न होऊ शकतो. ह्यालाच जलाघात म्हणतात. दिवसातून चार वेळा वीज गेली तर चार वेळा हा घाव बसतो. चोपण जमिनीत गंजून पातळ झालेला पत्रा किंवा काळ्या जमिनीच्या फुगण्या-आकसण्याने ढिला झालेला सांधा तो किती दिवस सोसणार?

उंचवट्यावरील एअर व्हॉल्व्ह म्हणजे जलवाहिनीची नाकपुडीच होय. नळ भरताना आतील हवा तेथून बाहेर पडते व रिकामा होताना आत शिरते. बहुधा ह्याच चेंबरवर पाचट टाकलेले असते, आत गाळ साचलेला असतो आणि गोळा गंजून चिकटलेला असतो. हवा आत न शिरल्यास पातळ पोलादी नळ बाहेरील हवेच्या दाबाने चेपतो. पंप बंद असतात त्या पावसाळ्यात प्रत्येक व्हॉल्व्ह उघडून साफ करावा.

गळती मात्र उन्हाळ्यातच शोधावी, कारण कोरड्या रानात ओल लपत नाही. नळाच्या रेषेवर एकाच जागी लव्हाळा हिरवागार दिसला, तर तेथे खूण रोवावी. पहाटे, सारे शांत असताना, पहारेचे एक टोक व्हॉल्व्हच्या दांड्यावर व दुसरे कानाशी धरल्यास गळतीची सूं सूं ऐकू येते. पंप बंद करून, सर्व फाट्यांचे व्हॉल्व्ह मिटून दाबमापकाचा काटा अर्धा तास पाहावा. तो उतरत असेल, तर पाणी कोठेतरी निसटत आहे. नळातून नसेल तर व्हॉल्व्हमधून. ६ मिलिमीटरच्या छिद्रातून ५० मीटर दाबाखाली १६ तासांत जवळजवळ ३० हजार लिटर पाणी जाते, आणि भोवतालची माती धुपून नळाचा आधार सुटतो तो वेगळाच.

ओढा ओलांडणारे नळ व नदीकाठचा भाग प्रत्येक पुरानंतर पाहावा. २०१९ च्या महापुरासारखे पाणी येऊन गेल्यावर तर नळाखालचा भराव तपासल्यावाचून पंप सुरू करू नये. प्रत्येक दुरुस्तीची जागा, पंपघरापासूनचे अंतर व तारीख संस्थेच्या वहीत लिहून ठेवावी. एकाच टप्प्यात तीन नोंदी झाल्या, तर तो टप्पाच बदलावयाचा आहे असे समजावे.

मोठ्या नळात तपासणीसाठी माणूस उतरवावयाचा असेल, तर आधी स्विचला कुलूप लावून किल्ली उतरणाऱ्याजवळच द्यावी. बंद नळातील हवा घातक असू शकते. काडी पेटवून हवा पाहण्याची जुनी रीत धोक्याची आहे. दोन्ही टोके उघडून, पंख्याने हवा खेळवून व हवा तपासण्याच्या उपकरणाने खात्री करूनच, कमरेला दोर बांधलेल्या माहीतगार माणसाने आत जावे. बाहेरच्याने दोर सोडून मदतीसाठी आत उडी घेऊ नये.