९४ चा फोटो

सुरगाण्याच्या माणसाला वेगाचं चलन यावं, ही गोष्ट ऐकताना आधी थट्टाच वाटते. वणी मागे टाकून पश्चिमेला निघालं की रस्ता डोंगराच्या अंगाने वळत राहतो, आणि गावांकडे जाणाऱ्या फाट्यांवर चाळीसच्या वर काटा न्यायची हिंमत होत नाही. २०२२ च्या अखेरीस सीमेवरच्या काही गावांनी ‘आम्हाला गुजरातला जोडा’ म्हणून तहसीलदारांना निवेदन दिलं होतं, तेव्हाच्या तक्रारींत रस्ते होतेच. अशा तालुक्यातला एक पिकअपवाला वेगाच्या चलनाविरुद्ध कोर्टात जायचं म्हणतोय, असं तिथल्या ओळखीच्या शिक्षकांनी फोनवर सांगितलं. मला राहवलं नाही.

निर्णय घ्यायची जागा कोर्ट नव्हतीच. ती होती एक झेरॉक्सचं दुकान. सातबारा, जातीचा दाखला, आधार, पॅन, नव्या नंबरप्लेटचे फॉर्म, लग्नाच्या पत्रिका आणि आता चलनं. चालवणारा पोरगा पंचविशीच्या आतला. येणाऱ्या प्रत्येकाला ‘दादा’ किंवा ‘मामा’ म्हणतो, पण नजर स्क्रीनवरून काढत नाही. प्रिंटरमधून निघालेल्या गरम कागदाचा वास आणि पिकअपवाल्याने टेबलाखाली ठेवलेल्या स्ट्रॉबेरीच्या खोक्याचा आंबूस-गोड वास दुकानात एकमेकांत मिसळले होते. फेब्रुवारी होता, माल भरात होता.

चलनाचं काम सुरू होतं ते संशयाने. कुणी मोबाईल पुढे केला की पोरगा आधी मेसेज बघतो. त्यात एपीके फाईल असली तर उघडू देत नाही, कारण चलनाच्या नावाने आलेल्या अशा फाईलीतून खातं साफ होतं. मग तो सरकारी संकेतस्थळ उघडतो, गाडीचा नंबर टाकतो, आरसी बुकातून चेसिस नंबरचे शेवटचे चार आकडे टाकतो. थकलेली चलनं एकाखाली एक येतात. इथवर सगळं यंत्रवत. त्यानंतर तो फोटोवर क्लिक करतो आणि माणूस खुर्चीतून पुढे झुकतो.

पिकअपवाला झुकला तेव्हा मी त्याच्या मागेच होतो. पांढरी गाडी, समोरून घेतलेला फोटो, नंबरप्लेटजवळ खुणेची फुली. खाली तारीख, वेळ, ठिकाण घोटीच्या अलीकडचं. वेगमर्यादा ८०, वेग ९४. पोरगा फोटो मोठा करत गेला. काचेवर ‘सप्तशृंगी माता प्रसन्न’ दिसलं, आरशाला दसऱ्याचा वाळलेला झेंडूचा हार दिसला. चेहऱ्याच्या जागी नुसता उजेड. पिकअपवाल्याने स्क्रीनवर त्या हारावर बोट ठेवलं. “गाडी माझीच.” आणि बोट न उचलता म्हणाला, “पण चौऱ्याण्णव?”

हा आकडा तो नंतर सारखा म्हणत राहिला. चहा आला तेव्हा, दुकानात दुसरं गिऱ्हाईक आलं तेव्हा, मला गाडी दाखवायला बाहेर नेलं तेव्हाही. “भरलेली असती तर साठला धापा टाकते हो. चौऱ्याण्णव कुठून आणू?” त्या सकाळी गाडी भरलेली नव्हती. रात्री कल्याणला माल उतरवून तो रिकामा परतत होता. दुपारी पुन्हा खोकी भरायची होती. स्ट्रॉबेरी काही कांदा नाही, आजची उद्यावर टाकली की पाणी सुटतं. अंगावरून कारवाले भुर्रकन जात होते, त्यांना कुणी धरलं नाही, ही त्याची खरी बोच.

इथे पोरगा एक गोष्ट बोलला, जी त्याला चलनं बघून बघून कळलेली. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेत दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कारला १०० ची मुभा आहे, मालवाहू गाडीला ८० ची. म्हणजे शेजारून ९४ ने गेलेली कार निर्दोष, आणि त्याच वेगाची रिकामी पिकअप गुन्हेगार. पिकअपवाल्याला हे पटलं नाही. मलाही पटायला वेळ लागला; पण भरलेल्या पिकअपला ब्रेक लागायला किती रस्ता लागतो हे ज्याने कसाऱ्याच्या उतारावर बघितलंय, तो ८० च्या बाजूने बोलेल.

तरी त्याच्या हातात एक पत्ता होता, आणि तो पत्ता मला बिनतोड वाटला होता. १ ऑक्टोबर २०१५ नंतर बनलेल्या मालवाहू गाड्यांना कारखान्यातूनच किंवा शोरूममधून वेगनियंत्रक बसवून यावा लागतो, ८० ला कुलूप. सगळे त्याला ‘गव्हर्नर’ म्हणतात. ही पिकअप त्यानंतरची. मग गव्हर्नरची गाडी ९४ ने धावलीच कशी? यंत्र तरी खोटं, नाहीतर फोटो तरी. मी हे उत्साहाने बोलून दाखवलं. पिकअपवाला गप्प. पोरगा हसला. “मामा, सांगा ना.”

गव्हर्नर नव्हता. “मागच्या मालकानेच काढलेला,” पिकअपवाला म्हणाला. असं सगळेच सांगतात. कोर्टात उभं राहून गव्हर्नरचा मुद्दा काढला तर पहिला प्रश्न येणार की दाखवा, आणि गव्हर्नर नसणं हा वेगळाच गुन्हा. बचावाचा सगळ्यात भक्कम पुरावाच त्याला अडकवणारा होता.

त्याच बाकावर एक तरुण त्याच्या स्कूटरचं चलन घेऊन बसला होता. ठाण्याकडचं. फोटोत नंबर त्याचा, पण स्कूटर दुसऱ्याच रंगाची, आणि हा म्हणे गाडी घेऊन कधी नाशिकच्या पलीकडे गेलेला नाही. त्याच्या बाबतीत कुणाला विचार करावा लागला नाही. पोरग्याने आरसीचा आणि उभ्या स्कूटरचा फोटो काढला, संकेतस्थळावर तक्रारीच्या रकान्यात टाकला, तक्रारीच्या क्रमांकाची प्रिंट काढून दिली. दहा रुपये. लढणं सोपं असतं तेव्हा ते असं दिसतं.

पिकअपवाल्याची बाजू तेवढी सरळ नव्हती, पण अगदी पोकळही नव्हती. मोटार वाहन कायद्याचं १८३ वं कलम सांगतं की कुणा एका साक्षीदाराला गाडी जोरात वाटली एवढ्यावर वेगाची शिक्षा होत नाही, यंत्राने घेतलेलं माप लागतं. त्या यंत्राने कसं वागायचं हे ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या १६७ अ या नियमात आहे. यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं, ते दर वर्षी नवं करायचं. पुढे कॅमेऱ्याची नजर आहे अशी पाटी आधी हवी. चलनासोबत फोटो, मोजलेला आकडा, जागा, वेळ, कलम हवं. आणि सूचना १५ दिवसांच्या आत निघायला हवी. पिकअपवाल्याला सूचना मिळालीच नव्हती. मेसेज गेला होता मागच्या मालकाच्या मोबाईलवर, कारण गाडी नावावर करताना नंबर बदलायचं राहिलं होतं. आता पासिंग जवळ आलं म्हणून चौकशी केली, तर हे निघालं.

परतीच्या वाटेवर दिंडोरीत थांबून मी एका वकिलांना गाठलं, कोर्टाबाहेरच्या टपरीवर. नाव छापू नका म्हणाले. त्यांनी प्रकरण ऐकलं आणि कायदा न सांगता आधी अंतर विचारलं. गुन्हा घोटीजवळचा, म्हणजे कोर्ट इगतपुरीचं. सुरगाण्याहून नाशिकच नव्वदएक किलोमीटर, तिथून पुढे इगतपुरी. “पहिल्या तारखेला गुन्हा कबूल नाही म्हणायचं. मग पोलिसांचा साक्षीदार, यंत्राचं प्रमाणपत्र, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा दाखला. साक्षीदार बंदोबस्ताला गेला की पुढची तारीख. तो प्रत्येक वेळी गाडी उभी ठेवणार का?”

चलन २,००० रुपयांचं. पिकअपवाल्याच्या हिशेबाने भर हंगामात गाडी एक दिवस उभी राहिली की तेवढेच बुडतात. म्हणजे पहिल्या तारखेलाच तो हरला, निकाल काहीही लागो.

गावात एक भीती मात्र मी बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकली: कोर्टात गेलं की साहेब चिडतो आणि दुप्पट लावतो. ही भीती निराधार आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनाला वेगाचा दंड किमान १,००० आणि कमाल २,०००. चलनच कमाल रकमेचं आहे, त्या कलमाखाली न्यायाधीश त्याच्या वर जाऊच शकत नाहीत. जाईल तो दिवस आणि डिझेल.

वकिलांनी आणखी एक वाट सांगितली, नुसतं बसून राहण्याची. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा आहे त्याची दखल कोर्टाने सहा महिन्यांच्या आत घ्यावी लागते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती मुदत कायम आहे. पण नाशिकला पासिंगला गाडी नेली की चलन बाकी दिसणार, आणि पासिंग नसलेल्या पिकअपने भाडं मारायचं म्हणजे रोज नवा धोका. गाडीवर पोट असलेल्याला ही वाट बंदच. उरते लोकअदालत. तिथे तडजोड होते, रक्कम कमी होऊ शकते, निवाड्यावर अपील नाही. काम एका दिवसात संपतं, पण ९४ खरे होते का, हे तिथे कुणी विचारत नाही.

मला या सगळ्यात जे खुपलं ते वेगळंच. वकिलांची फी किती, हा प्रश्न दुकानात निदान चौघांनी चघळला. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ सालचा आहे. त्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे अनुसूचित जमातीच्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो. स्त्रियांना आणि अनुसूचित जातीच्या लोकांनाही. पिकअपवाला कोकणा. दुकानात जातीच्या दाखल्यांचा गठ्ठा त्याच्या कोपराशीच पडलेला होता. शाळेच्या फीसाठी, घरकुलासाठी, वनपट्ट्यासाठी तो दाखला चालतो हे सुरगाण्यात लहान पोराला ठाऊक आहे. तो वकिलासाठीही चालतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. वकीलसाहेबांनीही मी विचारल्यावर सांगितलं. “मागितलं तर मिळतो,” म्हणाले.

२०१८ च्या मार्चमध्ये याच तालुक्यातले लोक लाल झेंडे घेऊन नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेले होते, जमिनीच्या हक्कासाठी. तेव्हा हा पिकअपवालाही चालला होता, असं तो बोलता बोलता सांगून गेला. म्हणजे लढायला तो घाबरतो असं नाही. पण तिथे हजारोंच्या रांगेत चालायचं होतं. इगतपुरीच्या कोर्टात एकट्याने उभं राहायचं आहे, आणि मनातून त्याला माहीत आहे की त्या सकाळी पाय दाबलेला होता.

दोन दिवसांनी त्याने पैसे भरले. पोरग्याने मला पावती पाठवली. सोबत पिकअपवाल्याचा निरोप होता की गव्हर्नर बसवून घेतोय, कारण पासिंगला तोही बघतात. ९४ बद्दल तो अजून भांडतो, फक्त आता दुकानात.

माझं मत विचाराल तर त्याने भरले ते बरोबर केलं, आणि स्कूटरवाल्याने भरले नाहीत तेही बरोबर. चलन आलं तर आधी आरसीवरचा मोबाईल नंबर तुमचाच आहे का ते बघा. मग फोटो मोठा करून गाडी, रंग, जागा आणि तारीख तपासा. गाडी तुमची नसेल तर एक रुपयाही भरू नका, लेखी तक्रार टाका. गाडी तुमची पण आकडा पटत नसेल, तर पैसे भरण्याआधी तालुका विधी सेवा समितीत एकदा विचारा. प्रत्येक तालुका कोर्टात ती असते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदतीचा क्रमांक १५१०० आहे, आणि त्या फोनला पैसे पडत नाहीत.