सात खाटांची बराक

लंडनच्या उत्तरेस बोरहॅमवुड नावाचे गाव आहे. तेथील स्टुडिओंना शेजारच्या एल्स्ट्री गावाचे नाव कायमचे चिकटले आहे. त्यांपैकी एका स्टुडिओमागच्या मोकळ्या आवारात १९८३ साली विटांच्या राशी, परांची, चिखल आणि फळ्यांची एक लांबट बराक असा सरंजाम उभा करण्यात आला, आणि त्या जागेला जर्मनीतले ड्युसेलडॉर्फ म्हणावे असे ठरले. जर्मन रस्त्यांची खरी दृश्ये हॅम्बुर्गमध्ये टिपून आणली. बाकीचा जर्मनी इंग्लंडच्याच मातीत कालवला गेला. पुढच्याच वर्षी बीबीसीने तो स्टुडिओ आवारासकट खरेदी केला, ड्युसेलडॉर्फ पुसून तेथे पूर्व लंडनमधला एक चौक बांधला, आणि १९८५ पासून 'ईस्टएंडर्स' या मालिकेने तो चौक ब्रिटनच्या घरोघरी नेला. जमिनीच्या एकाच तुकड्याने इतक्या अल्प मुदतीत इतका वेषपालट केल्याची उदाहरणे थोडी असतील. परंतु या लेखाचा विषय तो चौक नसून त्याच्याआधी तेथे उभी असलेली बराक, तिच्यातल्या सात खाटा आणि त्या खाटांवर निजलेले सात नट हा आहे.

मालिकेचे नाव 'औफ वीडरझेन, पेट'. पहिले दोन शब्द जर्मन निरोपाचे, पुन्हा भेटू या अर्थाचे. तिसरा ईशान्य इंग्लंडमधल्या न्यूकॅसल परगण्यातला, जो तेथील माणूस बायकोला, शेजारणीला आणि दुकानातल्या अनोळखी बाईलाही सारख्याच सहजतेने लावतो, आणि ज्यातली माया 'बाळा' किंवा 'राणी' यांपैकी कोणत्याही एका मराठी शब्दात पुरी मावत नाही. परमुलखाची भाषा आणि घरची लडिवाळ हाक यांच्यात एक स्वल्पविराम आहे, आणि सारी कथा त्या स्वल्पविरामाएवढ्या जागेत घडते.

मूळ कल्पना दिग्दर्शक फ्रँक रॉडम यांची. ते टीझ नदीकाठच्या स्टॉकटन भागात वाढलेले, आणि त्यांच्या ओळखीचे गवंडी-सुतार काम नाही म्हणून जर्मनीला रवाना होत असलेले. जानेवारी १९८२मध्ये ब्रिटनमधील बेकारांची संख्या ३० लाखांच्या वर गेली होती. जहाजे बांधणाऱ्या आणि कोळसा काढणाऱ्या ईशान्येकडील नगरांना बेकारीची मोठी झळ लागली. आपले वडील बेकारीच्या काळात दंगा न करता सायकल काढून काम शोधायला निघाले होते, असा दाखला नॉर्मन टेबिट या मंत्रिमहोदयांनी १९८१च्या पक्षपरिषदेत दिला होता. न्यूकॅसलच्या गवंड्यांनी तो सल्ला मंत्रिमहोदयांच्या अपेक्षेपेक्षा अंमळ जास्तच मनावर घेतला, आणि ते समुद्र ओलांडून गेले. १९७३पासून ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायाचा सभासद असल्याने त्यांना तेथे रोजगार करण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. (हेच रॉडम पुढे 'मास्टरशेफ' या पाककृतींच्या स्पर्धेचे जनक ठरले, आणि तिची हिंदी आवृत्ती आपल्याकडेही घरोघरी पाहिली गेली; गवंड्यांपासून खानसाम्यांपर्यंतचा हा प्रवास मला नेहमीच मौजेचा वाटत आला आहे.)

कल्पना लेखणीवर घेतली डिक क्लेमंट आणि इयन ला फ्रेने या जोडीने. क्लेमंट एसेक्सच्या किनाऱ्यावरचे, ला फ्रेने न्यूकॅसलजवळच्या व्हिटली बे येथले. 'द लाइकली लॅड्स' आणि तुरुंगातल्या कैद्यांची 'पॉरिज' या त्यांच्या विनोदी मालिकांनी आधीच नाव मिळवले होते. मात्र त्या मालिका अर्ध्या तासाच्या, स्टुडिओत प्रेक्षक बसवून त्यांच्या हशासकट मुद्रित केलेल्या. इथे त्यांनी प्रसंगाला तासाभराची ऐसपैस जागा दिली आणि हशा काढून टाकला. हशा निघून गेल्यावर विनोदाचे काय होते हे पाहण्यासारखे आहे: वाक्य तेच राहते, पण ते बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर वाक्य संपल्यानंतर जे उरते तेही प्रेक्षकाला पाहावे लागते, आणि नटाला ते दाखवावे लागते. विनोदी नाट्य म्हणून जो प्रकार ओळखला जातो त्याचे मर्म माझ्या मते या उरलेल्या दोन-तीन क्षणांत आहे, आणि या सात नटांची पुढची कारकीर्दही त्या क्षणांतच घडली. बेकारीवरच लिहिलेली ॲलन ब्लीझडेल यांची 'बॉइज फ्रॉम द ब्लॅकस्टफ' वर्षभर आधी, १९८२मध्ये, येऊन गेली होती. तिच्यातला लिव्हरपूलचा मजूर काम मागता मागता भ्रमिष्ट होतो. बराकीतल्या सातांना काम मिळालेले आहे; त्यांची कैफियत निराळी आहे.

११ नोव्हेंबर १९८३ रोजी आयटीव्हीवर पहिला भाग दिसला. डेनिस, नेव्हिल आणि ऑझ हे न्यूकॅसलचे तिघे गवंडी. ब्रिस्टलचा बॉम्बर हा चौथा. लंडनचा सुतार वेन. वेस्ट ब्रॉमविचचा वायरमन बॅरी. आणि लिव्हरपूलचा गिलावा करणारा, तुरुंग पाहून आलेला मॉक्सी. बराकीत मधोमध शेगडी, भिंतीलगत खाटा, दोरीवर ओले मोजे. युद्धकैद्यांच्या छावणीशी तिचे साम्य या मंडळींच्या स्वतःच्याच लक्षात येते, आणि ज्यांच्या बापांनी जर्मनीशी लढाई केली ते मुलगे जर्मन मुकादमाच्या हुकमतीखाली विटा रचताना त्या साम्यावर थट्टा करीत राहतात. पण 'पॉरिज' लिहिणाऱ्यांच्या हातून पुन्हा एकदा कोठडीच घडली हा काही केवळ योगायोग नव्हे. माणसे एका खोलीत कोंडल्याशिवाय या लेखकद्वयाला ती बोलती करता येत नसावीत. मुकादम ग्रुनवाल्डची भूमिका मायकेल शेअर्ड यांनी केली. आदल्या काही वर्षांत हे 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'मधील आरमारी अधिकारी होते आणि पुढे एका चित्रपटात क्षणभर हिटलरही झाले.

बोलींची गंमत येथे नमूद केली पाहिजे. न्यूकॅसलच्या तिघांची बोली अस्सल होती, कारण टिम हीली आणि जिमी नेल हे त्याच शहराचे आणि केव्हिन व्हेटली नॉर्थंबरलंडचे. पण बॅरीची मध्य इंग्लंडची, नाकातून ओढत बोललेली वाणी लंडनच्या बॅटरसी भागात जन्मलेल्या टिमथी स्पॉल यांनी कमावलेली होती. आणि ज्यांना ती जन्मतः येत होती ते बर्मिंगहॅमचे पॅट रोच बॉम्बरसाठी पश्चिमेकडील ब्रिस्टलची बोली बोलत होते.

नेल यांना अभिनयाचा अनुभव नव्हता. काचेच्या कारखान्यात असताना सहा इंची खिळा पायातून आरपार गेला आणि सोबत्यांनी 'खिळा' हे टोपणनाव दिले, तेच पुढे आडनाव झाले. त्यांचा ऑझ आडदांड, घरी छदाम न धाडणारा, जर्मन माणसांचा खुळचट द्वेष करणारा. आणि तरीही तो खोलीत आला की डोळे त्याच्यावरून हलत नाहीत. हीली यांनी कारखान्यात काम केले होते, मग न्यूकॅसलच्या 'लाइव्ह थिएटर'मध्ये ते नट झाले. व्हेटली हिशेबनिसाचे शिक्षण सोडून रंगभूमीकडे वळलेले. त्यांचा नेव्हिल दारूच्या एका रात्रीनंतर दंडावर परस्त्रीचे नाव गोंदवलेले घेऊन उठतो, आणि पुढे तो दंड बायकोच्या नजरेस पडू नये म्हणून जी धडपड करतो, तीत व्हेटली यांनी हशाला हात न घालता निव्वळ भय दाखवले आहे. बाही खाली ओढणारा तो हात मी अनेकदा पाहिला आहे, आणि दर वेळी प्रथम हसू आणि मग ओशाळलेपण आले आहे.

१९८६च्या दुसऱ्या पर्वात मंडळी आधी डर्बीशरमधल्या एका जुन्या वाड्याच्या दुरुस्तीवर आणि मग स्पेनमध्ये जातात. या पर्वावर मृत्यूची छाया आहे. वेनचे काम करणारे गॅरी होल्टन हे 'हेवी मेटल किड्स' या वाद्यवृंदाचे गायक. रॉडम यांच्या १९७९च्या 'क्वाड्रोफिनिया'त ते आणि स्पॉल दोघेही छोट्या भूमिकांत होते. २५ ऑक्टोबर १९८५ रोजी, बाह्यचित्रण आटोपलेले आणि स्टुडिओतले काम अपुरे असताना, मद्य आणि मॉर्फिन यांमुळे वयाच्या ३३व्या वर्षी ते वारले. निर्मात्यांनी मग वेनची वाक्ये इतरांना वाटून दिली, पाठमोरा बदली नट उभा केला, आणि वेन कुठल्याशा पोरीबरोबर बाहेर गेला आहे अशी सबब पात्रांच्या तोंडी घातली. परिणामी बाहेरच्या उन्हात वेन हसतो-खिदळतो आणि दार उघडून आत यावे तर तो नुकताच बाहेर पडलेला असतो. हे कळल्यानंतर त्या पर्वातला प्रत्येक दरवाजा जड वाटू लागतो.

यानंतर सगळे पांगले. नेल यांचे एक गाणे १९९२मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. ला फ्रेने यांच्यासह त्यांनी 'स्पेंडर' ही पोलिसी मालिका रचली. क्रिस्टोफर फेअरबँक, म्हणजे मॉक्सी, 'बॅटमॅन'पासून 'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी'पर्यंत मोठ्या चित्रपटांतल्या लहान भूमिकांत दिसत राहिले. हीली यांना 'बेनिडॉर्म'ने पुन्हा लोकप्रिय केले. व्हेटली १९८७मध्ये 'इन्स्पेक्टर मोर्स'चे सहायक लुइस झाले. कॉलिन डेक्स्टर यांच्या कादंबऱ्यांतला लुइस वयस्क आणि वेल्श होता. व्हेटली आले आणि तो तरुण होऊन ईशान्येचा झाला, आणि १९८७ ते २००० मोर्सच्या मागे चालून २००६ ते २०१५ स्वतःच्या नावाच्या मालिकेचा धनी झाला. नेव्हिलचा तो धास्तावलेला सज्जनपणाच मोर्सच्या ऑक्सफर्डला बदली होऊन गेला, असे म्हटले तर चालेल.

रोच यांची हकीकत आपल्या मुलखाच्या उंबरठ्यापर्यंत येते. ते व्यवसायाने मल्ल. 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क'मध्ये विमानाच्या पंख्याखाली सापडणारा धिप्पाड जर्मन मेकॅनिक म्हणजे तेच. पुढच्या 'टेंपल ऑफ डूम'मध्ये ते खाणीतल्या पहारेकऱ्यांचे नाईक झाले, म्हणजेच अमरीश पुरी यांच्या मोलारामचे चाकर. भारत सरकारने परवानगी नाकारल्याने त्या चित्रपटाचे बाह्यचित्रण श्रीलंकेत आणि अंतर्गत चित्रण १९८३ साली एल्स्ट्रीच्याच दुसऱ्या एका स्टुडिओत झाले. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'च्या चित्रपटात झळकलेले पुरी आणि ड्युसेलडॉर्फच्या विटा रचणारे रोच त्या वर्षी एकाच गावात मेकअप चढवीत होते. पडद्यावर क्रूर दिसण्याचा मेहनताना घेणाऱ्या या पहिलवानाने बॉम्बर मात्र बराकीतला सर्वांत मवाळ, वडीलधारा माणूस केला.

आणि स्पॉल. बॅरी हा कंटाळवाणा माणूस. वाहतुकीचे नियम, आरोग्य, इतिहास, ज्याला त्याला अर्धवट माहिती पुरवणारा आणि कोणी ऐकत नाही हे पुरते ठाऊक असूनही वाक्य पुरे करणारा. कंटाळवाण्या पात्राची भूमिका कंटाळवाणी न होऊ देणे हे नटाच्या कसबाचे पहिले प्रमाण. स्पॉल यांनी त्यापुढे जाऊन बॅरीच्या बडबडीमागचा एकाकीपणा दाखवला. माइक ली यांच्या 'सीक्रेट्स अँड लाइज'ला १९९६मध्ये कान महोत्सवाचा सर्वोच्च सन्मान मिळाला, आणि त्याच वर्षी स्पॉल यांना रक्ताच्या कर्करोगाचे निदान झाले. त्यातून ते उठले. ली यांच्याच 'मिस्टर टर्नर'साठी सुमारे दोन वर्षे ते चित्रकला शिकले आणि २०१४मध्ये कानचे सर्वोत्तम नट ठरले. त्यांचा टर्नर गुरगुरतो, शब्द गिळतो, बोलायचे टाळतो. न थांबणारा बॅरी आणि न बोलणारा टर्नर ही मला एकाच शोधाची दोन टोके वाटतात: माणसाच्या तोंडातून निघणारा आवाज आणि त्याला म्हणायचे असते ते, यांतली तफावत.

२००२मध्ये बीबीसीने सहा भागांचे नवे पर्व काढले. त्यात ऑझच्या अंत्यविधीसाठी जमलेल्या सोबत्यांना कळते की तो जिवंत आहे आणि ही तजवीज त्याचीच. वेन मेलेला आहे; त्याचा मुलगा वायमन सातव्या जागेवर येतो. यावेळचे काम म्हणजे मिडल्सब्रो येथील १९११चा ट्रान्सपोर्टर पूल, टांगलेल्या पाळण्यातून तेव्हा माणसे-वाहने टीझपार नेणारा, उलगडून ॲरिझोनातल्या मूलनिवासी जमातीला विकणे. कल्पना वाटते तितकी चमत्कारिक नव्हे. जुना लंडन ब्रिज १९७१पासून ॲरिझोनातच उभा आहे. २००४मध्ये क्यूबातले आणखी सहा भाग झाले. जुलैत रोच कर्करोगाने गेले, आणि डिसेंबरात दोन भागांत निरोपाचा खेळ झाला. चाळीस भागांचा हिशेब तिथे पुरा होतो.

पुलाचे प्रकरण मात्र त्याआधीच मिटवावे लागले होते. पडद्यावर पोलादाचे तुकडे सुटे होऊन जाताना पाहून टीझकाठचे लोक हवालदिल झाले, आणि २००२च्या शेवटच्या भागाअखेरीस बीबीसीला जाहीर करावे लागले की पूल मिडल्सब्रोमध्येच, आपल्या जागी आहे.