घर कसे, शिक्षण तसे?

गुरुजींनी सांगितले की, जनगणनेत आधी घरांची यादी करतात आणि मग माणसे मोजतात. भिंत कशाची, छत कशाचे, खोल्या किती, लाइट आहे का, हे सगळे लिहून घेतात. नंतर घरातल्या माणसांना लिहिता-वाचता येते का ते विचारतात. २०११ साली आपल्या राज्यात शंभरातल्या सुमारे ८२ जणांना लिहिता-वाचता येत होते, धुळे जिल्ह्यात सुमारे ७३ जणांना. (सात वर्षांच्या आतली मुले यात धरत नाहीत.) मला प्रश्न पडला, भिंतीचा आणि वाचण्याचा काय संबंध?

संबंध आहे. आमचे घर धाब्याचे आहे. लाकडांवर काड्या आणि काड्यांवर मातीचा जाड थर, म्हणजे धाबे. उन्हाळ्यात ते गार राहते, हे सुख पत्र्याच्या घरात नाही! पण पावसाळ्याआधी वर खारी माती टाकावी लागते, नाहीतर गळते. मागच्या वर्षी चाचणीच्या आदल्या रात्री माझी गणिताची वही भिजली. पाने एकमेकांना चिकटून बसली. आता पाऊस आला की आजी ओरडते, "पानी उनं, पह्यले पुस्तके उचल!" गळतीखाली भांडी ती नंतर मांडते. आजी कधी शाळेत गेलेली नाही.

खोली एकच असली तर आणखी एक अडचण. चुलीचा धूर, पाहुणे, लहान बाळ आणि अभ्यास सगळे एकाच जागी. खिडकी लहान म्हणून आम्ही दिवसासुद्धा दारात बसून वाचतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईला परळच्या चाळीत एकाच खोलीत राहत. त्यांचे वडील रामजी त्यांना लवकर झोपवायचे आणि स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागायचे. मग मुलाला अभ्यासाला उठवून त्याच्या जागेवर आपण झोपायचे. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले. रामजी लष्करातल्या शाळेत शिक्षक होते. मला वाटते, खोली लहान होती पण घरात शिकलेला माणूस होता, म्हणून वाट सापडली.

उलट पण होते, शिक्षणामुळे घर बदलते. शिकलेल्याला नोकरी लागते, पगारातून स्लॅब पडतो, हे तर सगळ्यांना दिसते. पण सरकारी घरकुल मिळवायला पण वाचावे लागते. घरकुलाची योजना १९८५ साली इंदिरा आवास नावाने सुरू झाली, २०१६ पासून ती प्रधानमंत्री आवास आहे. घर २६९ चौरस फुटांचे आणि पैसे हप्त्याहप्त्याने बँकेत येतात. आमचे घरकुल आजीच्या नावाने मंजूर झाले, पण हप्ता येईना. आजीला वाचता येत नाही, तिने अंगठा केला होता. शेवटी नववीतल्या ताईने आधार कार्ड आणि पासबुक शेजारी ठेवून वाचले. दोन्हीकडे आजीचे नाव वेगवेगळे लिहिलेले! ते दुरुस्त करायला चार खेपा झाल्या, तेव्हा कुठे हप्ता आला.

आता भिंती खिडकीच्या वरपर्यंत आल्या आहेत. ताईने गवंडीकाकांना मोठी खिडकी पूर्वेला ठेवायला सांगितली. तिच्याखाली अभ्यासाला कोण बसणार, यावरून आमचं रोज भांडण होतं.

– इयत्ता ४ थी, नरडाणा