लांब रपेटीत घोडे लंगडते असा संशय आल्यास

दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो आणि आमच्या नंदुरबार जिल्ह्यातील पुष्कळ शेतकऱ्यांचे घोड्याचे वेड जागे होते. तेथे घेणारा बहुधा रेवाल चालीवर भाळतो. आम्हीही भाळलो. परंतु धानोऱ्याहून निघालेल्या एका लांब रपेटीत याच चालीने आम्हांस फसविले.

निम्मी वाट सरल्यावर घोडी किंचित अडखळल्याचा भास झाला. उतरून पाय चाचपले. सूज नव्हती, खुरात खडाही नव्हता. रेवाल चालीत ती पूर्ववत डौलाने जाऊ लागली. ‘अंग तापले की पाय मोकळा होईल,’ अशी सोबत्यांनी समजूत घातली व ती आम्ही खुशीने घालून घेतली. मुक्कामी पोहोचल्यावर तासाभरात तिला पुढचा डावा पाय टेकवेना. तीन महिने तिच्या पाठीवर खोगीर चढले नाही.

आमची चूक अशी की, आम्ही घोडी दुडकवून पाहिली नाही. दुडक्या चालीत समोरासमोरच्या तिरक्या पायांची जोडी एकदम पडते, म्हणून एका पायावरील भार चुकविला तर तो डोळ्यांस दिसतो; रेवाल चालीत तो झाकला जातो. याकरिता खोगीर उतरवून, कठीण व सपाट जागी, दोर सैल सोडून घोडे चाळीसएक पावले सरळ दुडकत न्यावे व परत आणावे. पुढचा पाय दुखत असल्यास तो टेकताना घोडे डोके वर उचलते आणि निकोप पाय टेकताना खाली टाकते. पुष्कळ जण नेमके याच्या उलट समजतात! मागच्या पायासाठी दोन्ही पुठ्ठे सारखे हलतात की नाही ते पाहावे. दोर आखूड धरल्यास डोक्याची हालचाल दबते. बाजारात घोडे पारखतानाही हे ध्यानात असावे. शिवाय चारही खुरांची ऊब हाताने ताडून पाहावी.

आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींत प्रत्येक टप्प्यावर पशुवैद्य घोडे तपासतो. ठरलेल्या मुदतीत नाडीचे ठोके मिनिटास 64 वर उतरले पाहिजेत, आणि दुडकताना चालीत सतत बिघाड दिसल्यास घोडे बाद होते. शेवटची रेषा प्रथम ओलांडली तरी ही तपासणी चुकत नाही.

दोन फेऱ्यांत तोच झोल दोनदा दिसला की रपेट तेथेच थांबवावी. वेदना दाबणारे औषध देऊन घोडे पुढे हाकणे म्हणजे दुखणे वाढविणे होय. पुठ्ठ्याचे स्नायू दगडासारखे घट्ट होऊन लघवी काळपट झाली, तर त्यास एक पाऊलही चालवू नये. जागीच उभे ठेवून पशुवैद्यास बोलवावे.

हल्ली आम्ही रपेटीस निघण्यापूर्वी वाटेवरील टेंपोवाल्याचा फोन क्रमांक घेऊन ठेवतो, आणि विसाव्यास थांबलो की दुडकीची पारख सोबत्याकडून करवितो. स्वतःच्या घोड्याचा दोष पाहण्यास आमची दृष्टी अद्याप पुरेशी कठोर झालेली नाही.