५६६ माणसांची गोष्ट

नीती आयोगाच्या बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकानुसार २०१९-२१ या काळात गोमंतकातील दरिद्री जनांचे प्रमाण शेकडा ०.८४ इतकेच होते. हा आकडा खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. पोषण, शाळा, पाणी, वीज, बँकेतील खाते अशा बारा गोष्टी तपासून तो काढलेला आहे. परंतु कसत असलेली जमीन आपल्या नावावर आहे काय, हा प्रश्न त्या बारांत नाही.

मोजदाद यादीवर कशी अवलंबून असते ते आपल्याच शिरगणतीत पाहावे. २००१ साली गोव्यात अनुसूचित जमातींची माणसे अवघी ५६६ भरली. २०११ साली ती १,४९,२७५ झाली. ही माणसे काही आकाशातून पडली नव्हती. गावडा, कुणबी व वेळीप पिढ्यानुपिढ्या येथेच कुमेरी करीत, कुळागरांत राबत होते. २००३ मध्ये त्यांचा अनुसूचीत समावेश झाला, एवढेच. धनगर मात्र त्या वेळीही बाहेरच राहिले. त्यांच्या रानातल्या वस्तीवर शाळा सोडणारे मूल राज्याच्या सरासरीत दिसणार तरी कसे? सरकारने हे आकडे जमातवार आणि वाडावार प्रसिद्ध करावेत, अशी आमची मागणी आहे.