यादीतील पुनरुक्ती आणि खणांची युक्ती

तालुक्यातल्या शाळांतून डोळे-तपासणीच्या याद्या आल्या आहेत, असे समजा. सगळ्या मिळून नोंदी १०,०००. काही मुलांची नावे दोनदा आलेली. प्रत्येक मूल एकदाच येईल अशी यादी संगणकाकडून करून घ्यायची आहे. कशी करावी?

सरळ उपाय असा, की प्रत्येक नवी नोंद आधीच्या साऱ्या नोंदींशी ताडून पाहायची. पण बहुतेक नावे वेगळीच निघाली, तर या ताडण्या किती होतील? पाच कोटींना अवघ्या पाच हजार कमी! आणि यादी दुप्पट झाली, की काम चौपट.

टपाल कचेरीत पत्रे लावणारा माणूस असे करीत नाही. पत्ता वाचला, की त्याचा हात थेट त्या गावाच्या खणाकडे जातो. संगणकातील ‘हॅश टेबल’ म्हणजे असाच खणांचा फळा. १९५३ साली आय.बी.एम. कंपनीतील हान्स पीटर लून यांनी ही कल्पना एका टिपणात मांडली होती.

आता खण ठरवायचा कसा, ते पाहू. ० ते ६ असे सात खण घ्या. मुलाच्या नोंदणी-क्रमांकाला सातने भागा. बाकी उरेल तो खण. ४५ ची बाकी ३. तिसरा खण रिकामा, म्हणून ४५ तेथे ठेवला. ६० ची बाकी ४. तो चौथ्यात गेला. पुढे ८० आला. त्याचीही बाकी ३! तिसऱ्या खणात पाहिले, तर ४५ आहे, ८० नाही. म्हणून ८० ही तेथेच ठेवला. पुन्हा ४५ आला, तर तो खणात सापडतो. मग त्याला सोडून द्यायचे. म्हणजे शोध एका खणापुरताच, बरं का! खण भरत आले, की संगणक ते वाढवतो आणि नोंदी नव्याने लावतो.

क्रमांकाऐवजी नाव असले तरी अडत नाही. संगणकात प्रत्येक अक्षराला आकडा असतो. ‘क’ चा २३२५. त्यांवरून हिशेब करून खण निघतो. पायथन भाषेत ‘सेट’ नावाची सोय आहे, तिच्या पोटात हीच युक्ती असते.

मात्र गुरुजनांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. संगणक अक्षरे ओळखतो, माणसे नव्हे. ‘शिंदे’ आणि ‘शिन्दे’ त्याच्या लेखी दोन. नावापुढे चुकून एक जागा रिकामी सुटली, तरी तिसरे! त्याउलट, एकाच गावात दोन सुनीता पाटील असल्या आणि ओळख केवळ नावावरून धरली, तर दुसरी गळून जाते. तिच्या चष्म्याचे काय?

म्हणून नुसत्या नावावर विसंबू नये. नोंदणी-क्रमांक प्रत्येक शाळेचा निराळा असतो, तेव्हा शाळा आणि क्रमांक मिळून ओळख धरावी. नावेच हाती असतील, तर आधी ती एका पद्धतीने लिहून घ्यावीत. आणि संगणकाने वगळलेल्या नोंदी फेकून न देता वेगळ्या कागदावर छापून घ्याव्यात. वर्गशिक्षकांनी त्यांवरून एकदा नजर फिरवली, म्हणजे गळालेली सुनीता वेळीच सापडेल.