नवा इंटरफेस घेण्याआधी सेटिंग तपासा: घरच्या स्टुडिओतल्या सात तक्रारी आणि त्यांची उत्तरं



घरच्या एका खोलीतून व्हॉइस ओव्हरचं काम सुरू करायचं असेल, तर आपला भाग त्यासाठी चांगला आहे. दापोडीपासून पिंपरी, भोसरी, चाकणपर्यंत कारखानेच कारखाने आहेत. त्यांना सेफ्टी इंडक्शनचे आणि मशीन ट्रेनिंगचे व्हिडिओ मराठी-हिंदीत लागतात. क्लासेस, दवाखाने, दुकानं यांना जाहिराती लागतात. एक माईक, एक ऑडिओ इंटरफेस, लॅपटॉप आणि हेडफोन एवढ्यावर सुरुवात होते.

पण ऑर्डर हातात असताना आवाज फाटतो, घुं घुं येते किंवा एकाच कानात ऐकू येतं. मग वाटतं की इंटरफेसच हलका निघाला, महागाचा घेऊया. थांबा. यातल्या बहुतेक तक्रारी सेटिंगच्या असतात आणि त्या सुधारायला एक रुपयाही लागत नाही.

आधी पैशाचा हिशोब बघा. समजा ३,००० रुपयांचं काम तुम्ही ४ तासांत केलं, म्हणजे तासाला ७५० रुपये सुटले. क्लायंटने फाइल परत पाठवली आणि आणखी ३ तास गेले, तर तेच काम तासाला ४२८ रुपयांवर आलं. शिवाय नाव खराब झालं ते वेगळंच.

आधी फर्स्ट पीस, मग लॉट

तुमच्यापैकी अनेकांनी कंपनीत काम केलंय. सीएनसीवर सेटिंग झाल्यावर आपण थेट लॉट सोडतो का? नाही. पहिला पीस काढतो, मोजतो, ओके झाला की मगच पुढे. रेकॉर्डिंगलाही हाच नियम लावा. स्क्रिप्टच्या पहिल्या ३० सेकंदांचं रेकॉर्डिंग करा, हेडफोन लावून पूर्ण ऐका, मगच पुढचं वाचा. बिघाड सापडला तर एका वेळी एकच सेटिंग बदला आणि पुन्हा ऐका. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर नेमकं काय चुकलं होतं ते कधीच कळत नाही.

आता तक्रारी एकेक करून घेऊ.

१. आवाजच येत नाही

माईकपासून लॅपटॉपकडे क्रमाने तपासत या. केबल दोन्हीकडे घट्ट बसली आहे का? कंडेन्सर माईक असेल तर इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण, म्हणजे फँटम पॉवर, चालू लागते. साध्या डायनॅमिक माईकला ती लागत नाही. बटण दाबण्याआधी गेन आणि हेडफोनचा आवाज शून्यावर आणा, नाहीतर कानात मोठा ठोका बसतो.

इंटरफेसवरचा दिवा हलतोय पण सॉफ्टवेअरमध्ये काहीच नाही? मग सॉफ्टवेअरमध्ये इनपुट म्हणून इंटरफेस निवडला आहे का ते बघा. विंडोज असेल तर प्रायव्हसी सेटिंगमध्ये मायक्रोफोनची परवानगीही तपासा. आणि आवाज येतोय पण लांबून आल्यासारखा वाटतो, तर बहुधा लॅपटॉपचा स्वतःचा माईक चालू आहे. माईकच्या जाळीवर नख हलकेच घासा. खरखर जवळून ऐकू आली तर माईक बरोबर निवडलाय.

२. आवाज फाटतो

गेन जास्त आहे. मीटर ० डेसिबलला टेकलं की त्यावरचा आवाज कापला जातो आणि तो नंतर नीट परत आणता येत नाही. स्क्रिप्टमधलं सर्वात जोरदार वाक्य खऱ्या जोरात वाचा आणि मीटर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील असा गेन ठेवा. "हॅलो, वन टू थ्री" म्हणून गेन लावू नका, कारण वाचताना आपण त्याहून मोठ्याने बोलतो. रेकॉर्डिंग २४ बिटवर ठेवा. मग आवाज थोडा कमी आला तरी नंतर वाढवता येतो.

३. एकाच कानात ऐकू येतं

इंटरफेसचं पहिलं इनपुट डावीकडचं असतं. ट्रॅक स्टिरिओ ठेवला की आवाज फक्त डाव्या कानात जातो. ट्रॅक मोनो करा आणि इनपुट १ निवडा, झालं काम.

४. टिक टिक येते, मधेच शब्द तुटतो

इथे बफर बघा. लॅपटॉप आवाज छोट्या छोट्या गठ्ठ्यांत घेतो, त्या गठ्ठ्याचा आकार म्हणजे बफर. ४८ किलोहर्ट्झला २५६ चा बफर म्हणजे साधारण ५ मिलिसेकंद, १०२४ चा म्हणजे २१ मिलिसेकंद. गठ्ठा लहान असला की लॅपटॉपची धांदल उडते आणि आवाज तुटतो. गाणाऱ्यांना लहान बफर लागतो, कारण त्यांना सॉफ्टवेअरमधून स्वतःचा आवाज लगेच ऐकायचा असतो. आपल्याला नुसतं बोलायचंय, म्हणून बिनधास्त ५१२ किंवा १०२४ ठेवा. इंटरफेस हबमधून न लावता थेट लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टला लावा आणि ड्रायव्हर त्या कंपनीच्या वेबसाइटवरूनच घ्या.

५. स्वतःचा आवाज दोनदा ऐकू येतो

इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर आणि सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग दोन्ही चालू आहेत. सॉफ्टवेअरमधलं बंद करा. हेडफोन वायरचाच वापरा, ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो.

६. आवाज जाड किंवा चिरका झाला, ओठ जुळत नाहीत

हा सॅम्पल रेटचा घोळ आहे. ४८ वर रेकॉर्ड झालेला आवाज ४४.१ समजून वाजवला, तर १० मिनिटांचं रेकॉर्डिंग १० मिनिटं ५३ सेकंदांचं होतं आणि आवाज जाड येतो. उलटं झालं तर ते ९ मिनिटं ११ सेकंदांत संपतं आणि आवाज चिरका होतो. व्हिडिओसाठी ४८ किलोहर्ट्झ ठरवून टाका. इंटरफेसचं कंट्रोल पॅनेल, विंडोजची साउंड सेटिंग आणि रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, तिन्ही ठिकाणी तोच आकडा हवा.

७. मागे सतत घुं घुं

लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर १० सेकंद रेकॉर्ड करा. घुं घुं गेली, तर ती विजेच्या जोडणीतून येत होती. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून हा आवाज खर्जातला असतो. लॅपटॉप आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, माईकची केबल चार्जरपासून लांब ठेवा. अर्थिंगची पिन मात्र कधीही कापू किंवा टाळू नका, जिवावर बेतू शकतं. घरात अर्थिंगच नसेल तर वायरमनला बोलवा.

सेटिंगने न सुटणारी गोष्ट

दापोडीत लोकलची लाइन आहे, जुना पुणे-मुंबई रस्ता आहे, ऑगस्ट २०२३ पासून मेट्रोही थांबते. गाडीचा हॉर्न कुठल्याच सेटिंगने जात नाही. गेन कमी करून माईकच्या वीतभर जवळ बोला म्हणजे बाहेरचा आवाज मागे पडतो. जाड पडदे आणि गाद्यांनी खोलीतला घुमारा कमी होतो. दोन-तीन दिवस वहीत नोंद ठेवा, शांत वेळ कधी मिळते ते कळेल. क्लायंटला तारीख देताना हीच वेळ धरून द्या.

आजचं काम

एका पुठ्ठ्यावर हे लिहून टेबलासमोर चिकटवा: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो, इनपुट १, बफर ५१२, गेनच्या बटणाची जागा, माईकपासून तोंडाचं अंतर. कंपनीत मशीनवर सेटिंग शीट असते ना, तशीच ही तुमची. महिन्यानंतर तोच क्लायंट "फक्त दोन ओळी बदला" म्हणाला, तर नवा आवाज जुन्याशी जुळवायला हाच पुठ्ठा कामी येईल.

एवढं करूनही तक्रार राहिली, तर ओळखीच्या कुणाचा इंटरफेस एक दिवस मागून त्याच सेटिंगवर लावून बघा. त्यावर आवाज चोख आला, तरच नवीन घ्यायचा विचार करा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोवर फर्स्ट पीस काढा आणि नीट ऐका!